दुरुस्तींतून निसटलेला बिघाड

पुण्याहून साताऱ्याकडे मोटारीनें जाणाऱ्याला खंबाटकीच्या घाटाचें नांव ठाऊक नाहीं, असें सहसा होणार नाहीं. सारोळ्याजवळ नीरा नदीवरचा पूल ओलांडला कीं पुणें जिल्हा संपतो, शिरवळ मागें पडतें, आणि थोड्याच वेळांत घाटाच्या पायथ्याशीं खंडाळा येतो. हा खंडाळा लोणावळ्याशेजारचा नव्हे, सातारा जिल्ह्यांतला. थंड हवेच्या त्या दुसऱ्या खंडाळ्याच्या कीर्तीमुळें हा बिचारा नेहमींच झांकला जातो. वास्तविक सावित्रीबाई फुले यांचें जन्मगांव नायगांव याच तालुक्यांत आहे. असो. आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे तें इतिहासाविषयीं नव्हे, तर एका अगदीं प्रापंचिक कटकटीविषयीं. मोटार दुरुस्त करून आणावी, मागितले तेवढे पैसे मोजावे, आणि महिन्या-दीड महिन्यांत तीच मोटार पुन्हां बंद पडावी. दुसऱ्या कारागिरानें ती उघडून पाहावी आणि म्हणावें, ‘हा बिघाड जुनाच आहे, पहिल्यानें पाहिला कसा नाहीं?’ येथून जो वाद सुरू होतो त्यांत खरें कोणाचें आणि किती, हें ठरवावयाचें कसें, एवढाच आजचा विषय.

हा प्रश्न माझ्यापुढें खंडाळ्यांतच उभा राहिला. एका लग्नासाठीं आम्ही सांगलीस निघालों होतों. गाडींत मी, माझी पत्नी, आमची शाळेंत जाणारी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. निघण्यापूर्वीं पांच आठवडे मीं गाडी पुण्यांतील एका गॅरेजमध्यें टाकली होती. ऐंशीं हजार किलोमीटर झाल्यामुळें टायमिंग बेल्ट, म्हणजे एंजिनाच्या आंतल्या हालचालींचा मेळ राखणारा पट्टा, बदलावयाचा होता. शिवाय गाडींतलें पाणी हळूहळू कमी होतें व उष्णतेचा कांटा मधूनमधून चढतो, अशीहि माझी तक्रार होती. गॅरेजवाल्यांनीं पट्टा बदलला, थर्मोस्टॅट बदलला, नवें कूलंट भरलें, आणि ‘आतां निर्धास्त राहा’ असें सांगून बिल हातीं दिलें. पुढें पांच आठवडे गाडी शहरांतल्या शहरांत फिरली व तिनें कांहीं त्रास दिला नाहीं.

शहरांतले रस्ते मोटारीची परीक्षा घेत नाहींत. ती घाट घेतो. सपाटीवर गाडी वेगानें धावत असतां समोरचा वारा रेडिएटरमधून वाहतो आणि एंजिनाची उष्णता उडवून नेतो. चढावर गाडी खालच्या गिअरमध्यें असते, एंजिनाचे फेरे वाढतात, इंधन अधिक जळतें, आणि वारा मात्र कमी मिळतो. पुढें मालट्रकांची रांग लागली कीं तोहि मिळत नाहीं. आम्ही गेलों तेव्हां साताऱ्याहून येणारीं वाहनें बोगद्यांतून आणि पुण्याहून जाणारीं जुन्या घाटरस्त्यानें, अशी विभागणी होती. घाटाचें तिसरें वळण ओलांडतो न ओलांडतो तोंच बॉनेटमधून वाफेचे लोट निघूं लागले. सासूबाईंना औषधाच्या वेळीं गाडींतून उतरवून दगडावर बसवावें लागलें, आणि खालून गाडी ओढून नेणारा ट्रक येईपर्यंत अडीच तास आम्हीं घाटाच्या कडेला काढले. अंगाला चाटून जाणाऱ्या कंटेनरांचा वारा आतांहि आठवला कीं बरें वाटत नाहीं.

खंडाळ्याच्या मिस्त्रीनें गाडी पाहिली. माणूस बोलण्यांत तुटक, हाताचा मात्र सावकाश. पट्ट्यावरचें आवरण काढून त्यानें विजेरीचा प्रकाश आंत टाकला, आणि मला वांकायला सांगितलें. वॉटर पंपाच्या अंगावर, एका बारीक छिद्राखालीं, हिरवट-पांढरी खपली धरली होती. ‘साहेब, हा डाग आजचा न्हाई,’ तो म्हणाला. माझ्या कन्येनें त्या डागाचीं मोबाईलवर चार-पांच छायाचित्रें घेतलीं. तिला वेळ जात नव्हता म्हणून घेतलीं. कोणा शहाण्यानें सुचविलें म्हणून नव्हे. पुढें तीच आमच्या बाजूची सर्वांत मोठी शिदोरी ठरली.

आतां हा डाग काय सांगतो, तें थोडक्यांत पाहूं. एंजिनाभोंवतीं फिरणारें पाणी निव्वळ पाणी नसतें, त्यांत कूलंट मिसळलेलें असतें. पंप तें फिरवितो; थर्मोस्टॅट नांवाची झडप ठराविक उष्णतेला उघडून तें रेडिएटरकडे सोडते; आणि रेडिएटरच्या बाजूचें झांकण सर्व व्यवस्थेंत दाब धरून ठेवतें. उघड्या भांड्यांत पाणी १०० अंशांच्या सुमारास उकळतें, पण झांकणानें आणखी एका वातावरणाइतका दाब धरला कीं तोच आंकडा १२० च्या आसपास जातो. आपल्या स्वयंपाकघरांतला प्रेशर कुकर याच नियमानें डाळ शिजवितो. म्हणून गळती लागली म्हणजे नुकसान दुहेरी होतें: पाणी तर जातेंच, पण दाबहि जातो, व उरलेलें पाणी लवकर उकळतें. पंपाच्या दांड्याभोंवतीं पाणी अडविणारी एक चकती असते. ती झिजूं लागली कीं पाझरलेलें पाणी बेअरिंगमध्यें शिरूं नये म्हणून कारखानदार मुद्दामच एक छिद्र ठेवतात; पाणी तेथून बाहेर ठिबकतें. थेंब गरम धातूवर पडतो, पाणी उडून जातें, क्षार आणि रंग मागें राहतात. असे थेंब पुष्कळ दिवस पडले म्हणजे खपली धरते. अर्थात् तें छिद्र म्हणजे कारखानदारानें पुढच्या कारागिरासाठीं लिहून ठेवलेली चिठ्ठीच होय. ती वाचावयाची कीं नाहीं, हा त्या कारागिराचा प्रश्न.

आमच्या गाडीच्या बांधणींत हा पंप टायमिंग बेल्टच्याच आवरणामागें आहे आणि तोच पट्टा त्याला फिरवितो. पुष्कळ गाड्यांत अशी रचना असते. त्यामुळें पट्टा बदलण्यासाठीं जें जें सोडावें लागतें, तें तें सोडल्यावर पंप समोर उघडा पडतो. आणि पुढें एकटा पंप बदलावयाचा झाल्यास तीच सर्व उघडझांक पुन्हां करून तीच मजुरी पुन्हां द्यावी लागते. याच कारणास्तव जाणते कारागीर पट्टा बदलतांना पंप पाहून घेतात, आणि ‘साहेब, हाहि आतांच बदलूं या’ असें विचारतात. ज्याला पाणी कमी होण्याची तक्रार आधींच सांगितलेली आहे, त्यानें तर पाहावयासच हवा.

एवढें ऐकल्यावर आपण म्हणाल कीं निकाल उघडच आहे. मलाहि त्या दिवशीं तसेंच वाटलें. परंतु रागानें पुण्याच्या गॅरेजला दूरध्वनि केल्यावर मालकांकडून जीं उत्तरें आलीं, तीं सर्वच टाकाऊ नव्हतीं. ते म्हणाले, पहिली गोष्ट, आम्हीं पाहिला तेव्हां पंप कोरडा होता. दुसरी, तुम्हीं पंपाचें काम आम्हांला सांगितलेंच नव्हतें. आणि तिसरी, कांटा वर चढलेला दिसत असतांना गाडी चालवीत राहिलां ती कोणी? बहुतेक सर्व अशा वादांत हींच तीन उत्तरें येतात: बिघाड तेव्हां नव्हता, असला तरी तो आमच्या कामांत नव्हता, आणि कामांत असला तरी नुकसान तुम्हींच वाढविलें. तेव्हां प्रत्येकाचा स्वतंत्र विचार केला पाहिजे.

बिघाड तेव्हां होता कीं नव्हता, याचा निर्णय नुसत्या क्रमावरून करणें ही आपली नेहमींची चूक. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडते, आणि आपण कावळ्याला धरतों. ब्रेक दुरुस्त करून आणले आणि चौथ्या दिवशीं पुढचा दिवा गेला, तर त्या दोहोंचा संबंध असेलच असें नाहीं. कांच फुटणें, वायर तुटणें, खड्ड्यांत चाक आदळून सांधा निखळणें, या गोष्टी एका क्षणांत घडतात. काल तपासणाऱ्याला त्या दिसणें शक्यच नसतें. याच्या उलट झीज, गंज, पाझर आणि खपली यांना काळ लागतो, व तो काळ पुष्कळदां मोजतां येतो. समजा, ब्रेकचा नवा पॅड दहा मिलिमीटर जाडीचा आहे आणि चाळीस हजार किलोमीटरांत तो आठ मिलिमीटर झिजतो. म्हणजे एक मिलिमीटर झिजण्यास पांच हजार किलोमीटर लागतात. गॅरेजनें ‘ब्रेक ठीक’ असा शेरा मारला, आणि पांचशें किलोमीटरांनीं पॅडचा पत्रा चकतीला घासूं लागला, तर त्या अंतरांत झिजावयास हवा होता तो फक्त एक दशांश मिलिमीटर. अर्थात् पॅड तेव्हांच संपत आलेला होता. कोणी चाक काढून पाहिलें नाहीं. तेंच पंधरा हजार किलोमीटरांनंतर झालें असतें तर गॅरेजकडे बोट दाखविण्यास जागा नव्हती. मात्र येथेंहि एक पोटनियम आहे. कॅलिपरचा दट्ट्या अडकला तर पॅड सतत घासत राहतो आणि महिन्याचें काम आठवड्यांत होतें. म्हणून एका चाकाचा पॅड संपलेला व दुसऱ्याचा शाबूत, असें दिसल्यास हिशेब निराळा मांडावा लागतो.

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतों, कारण घाटांत तिची किंमत पैशांत होत नाहीं. ब्रेकच्या नळ्यांतलें तेल हवेंतला ओलावा शोषून घेतें. डॉट ४ प्रतीचें तेल नवें असतांना कमीतकमी २३० अंशांपर्यंत उकळूं नये, असा दंडक आहे. पाणी शोषलेल्या त्याच तेलाचा आंकडा १५५ वर उतरतो. लांब उतारावर ब्रेक सारखा दाबून धरला कीं ही उष्णता गांठली जाते, तेलांत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय फळीपर्यंत जाऊनहि गाडी थांबत नाहीं. बिलावर ‘ब्रेक तेल बदललें’ असें लिहिलेलें असावें आणि बाटलींत काळपट जुनें तेल तसेंच दिसावें, यासारखी निष्काळजी दुसरी नाहीं. आणि बाटलीचें झांकण न उघडतां, बाहेरूनच रंग पाहून ती ओळखणें कोणालाहि जमण्यासारखें आहे.

आमच्या पंपाकडे परत येऊं. खपली पांच आठवड्यांत धरूं शकत नाहीं, असें शपथेवर सांगणें खंडाळ्याच्या मिस्त्रीलाहि जमलें नसतें. परंतु छायाचित्र मोठें करून पाहिलें तेव्हां त्यांत एक खूण सांपडली. खपलीच्या खालच्या थरांत रबराची काळी पूड अडकलेली होती. नवा पट्टा तर अगदीं स्वच्छ होता. त्याची अशी पूड अजून पडलेलीच नव्हती. म्हणजे खालचे थर जुना पट्टा फिरत असतांनाचे. हें काहीं गणितांतल्यासारखें सिद्ध झालें असें मी म्हणत नाहीं. पण ‘पंप कोरडा होता’ या नुसत्या तोंडच्या वाक्यापेक्षां त्याचें वजन अधिक होतें, आणि मालकांनींहि तें पुढें मान्य केलें.

दुसरें उत्तर, ‘तुम्हीं सांगितलेंच नव्हतें’, हें सर्वांत महत्त्वाचें. आणि माझ्या मतें निम्मे वाद येथेंच सुटतात किंवा कायमचे बिघडतात. गॅरेजमध्यें गाडी देतांना जें जॉब कार्ड भरतात तें आपण वाचतों का? मी तरी कधीं वाचलेलें नव्हतें. नशिबानें त्या कार्डावर तेथील मुलानें माझे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले होते: ‘पाणी कमी होतें, कांटा चढतो.’ हे पांच शब्द नसते तर माझी बाजू फारच लंगडी पडली असती. कारण लक्षण सांगणें आणि उपाय सांगणें यांत मोठें अंतर आहे. ‘गाडी तापते, पाहा’ असें आपण म्हणतों तेव्हां कारण शोधण्याचें काम कारागीर पत्करतो. ‘थर्मोस्टॅट बदला’ असें म्हणतों तेव्हां तो फक्त थर्मोस्टॅट बदलण्याचें काम पत्करतो. तो नीट बसविला कीं त्याचें कर्तव्य पुष्कळसें संपलें. वैद्याकडे जाऊन ‘मला अमुक गोळी द्या’ म्हणावें आणि ताप उतरला नाहीं म्हणून वैद्याला बोल लावावा, त्यांतलाच प्रकार. आपल्याकडे सुशिक्षित मोटारमालकाला ही खोड फार. चार ठिकाणीं वाचून, मेव्हण्याचा सल्ला घेऊन, तो रोगाचें निदान घरींच करतो आणि गॅरेजवाल्याला हुकूम सोडतो. वर पुन्हां ‘बाकी कशालाहि हात लावूं नका, बजेट इतकेंच आहे’ अशी ताकीद. अशा गिऱ्हाईकाचा निसटलेला बिघाड पुष्कळदां गिऱ्हाईकानेंच निसटूं दिलेला असतो.

कारागिराच्या बाजूनें आणखीहि बोलण्यासारखें आहे. गाडी तापण्याचीं कारणें एक नव्हेत: थर्मोस्टॅट, पंप, पंखा, कोंदलेला रेडिएटर, सैल झालेलें झांकण, हेड गॅसकेट. सर्वच उघडून पाहावयाचें तर मजुरीच गाडीच्या किमतीला जाऊन भिडेल. म्हणून अधिक संभवनीय व कमी खर्चाचें कारण आधीं दूर करावें आणि गाडी चालवून पाहावी, ही पद्धत मुळांतच चुकीची नाहीं. कायदाहि कारागिराकडून अचूक भविष्यवाणीची अपेक्षा करीत नाहीं; त्या धंद्यांतील साधारण जाणत्या माणसानें जेवढें कौशल्य आणि जेवढी काळजी दाखविली असती, तेवढी दाखविली कीं नाहीं, एवढेंच पाहिलें जातें. थर्मोस्टॅट बदलून गाडी परत देणें ही चूक नव्हती. समोर उघड्या पडलेल्या पंपाकडे न पाहणें ही चूक होती.

आतां तिसरें उत्तर, आणि येथें मला कबुली द्यावयाची आहे. शिरवळच्या पुढें कांटा अर्ध्याच्या वर गेलेला मीं पाहिला होता. पत्नीनेंहि पाहिला. ‘थांबूं या का?’ असें तिनें विचारलेंहि. लग्नाचा मुहूर्त, सासूबाईंची घाई, आणि ‘आतांच तर दुरुस्त केली आहे’ हा विश्वास, यांच्या जोरावर मी घाटाला लागलों. नुसता पंप गेला असता तर काम थोडक्यांत आटोपलें असतें. परंतु पाणी संपल्यावरहि एंजिन चालत राहिल्यामुळें हेड तापून वांकडें झालें, गॅसकेट जळलें, आणि खंडाळ्याचें बिल एकंदर २६,४०० रुपयांचें झालें. त्यांत पंप आणि त्याची मजुरी मिळून सात हजारांच्या आंतच होती. १८७२ सालच्या आपल्या करार कायद्याचें ७३ वें कलम अशा प्रसंगाला नेमकें लागू पडतें. करार मोडणाऱ्यानें त्या मोडण्यापासून स्वाभाविकपणें होणारें नुकसान भरून द्यावें, दूरान्वयानें झालेलें नव्हे. आणि तें मोजतांना, गैरसोय टाळण्याचे कोणते उपाय नुकसान सोसणाऱ्याच्या हातीं होते हेंहि विचारांत घ्यावें, असें तें कलम सांगतें. माझ्या हातीं उपाय होता. गाडी बाजूला घेऊन एंजिन बंद करणें, एवढाच. (अशा वेळीं रेडिएटरचें झांकण मात्र लगेच उघडूं नये, दाबाखालचें उकळतें पाणी तोंडावर उडून पुष्कळांनीं डोळे व चेहरे भाजून घेतले आहेत.)

याच कायद्याचें आणखी एक कलम मोटारमालकांना ठाऊक असावें: कलम १७०. आपल्या वस्तूवर कौशल्याचें किंवा श्रमाचें काम करणाऱ्यास, उलट करार नसल्यास, त्या कामाचा योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क आहे. म्हणून बिलाविषयीं तक्रार असली तरी किल्ली हिसकावून गाडी काढण्याचा प्रयत्न करूं नये. तक्रार राखून पैसे देत आहोंत, असें बिलाच्या प्रतीवर लिहून, तारीख घालून पैसे द्यावे. भांडण पुढें चालूं शकतें. मात्र गॅरेजवाल्यालाहि तुमच्या दुसऱ्या गाडीच्या जुन्या बाकीसाठीं ही गाडी या कलमाखालीं अडवितां येत नाहीं.

आपसांत मिटलें नाहीं तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. १९८६ सालच्या कायद्याच्या जागीं आलेला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अंमलांत आला. पैसे घेऊन केलेली मोटारदुरुस्ती ही त्या कायद्याच्या भाषेंत सेवा आहे, आणि तींतील उणीव तक्रारीचा विषय होऊं शकते. फुकट केलेलें काम मात्र या व्याख्येंत येत नाहीं. ओळखीच्या मिस्त्रीनें जातां जातां बॉनेट उघडून ‘ठीक आहे’ म्हटलें, तर त्यावर दावा उभा राहत नाहीं. नफ्याच्या धंद्यासाठीं गाड्यांचा ताफा ठेवणाऱ्यालाहि येथें जागा नाहीं. परंतु स्वतःच्या पोटापाण्यासाठीं स्वतः टॅक्सी चालविणारा हा ग्राहकच होय. पूर्वींच्या कायद्यांत तक्रार विरुद्ध पक्षाच्या गांवीं किंवा जेथें कारण घडलें तेथें करावी लागे; नव्या कायद्यानें ती तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यांतहि करतां येते. पुण्याच्या माणसाची गाडी खंडाळ्यांत बिघडविली गेली तर त्याला साताऱ्याच्या खेपा घालण्याचें कारण उरलेलें नाहीं. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत तक्रार झाली पाहिजे. सेवेसाठीं दिलेली रक्कम पांच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाहीं, वकील लावलाच पाहिजे असें नाहीं, आणि दोन्ही पक्ष राजी असल्यास प्रकरण मध्यस्थाकडे पाठवितां येतें. १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय साहाय्यवाणीवरूनहि प्राथमिक सल्ला मिळतो.

तथापि आयोगापुढें नुसता संताप उपयोगी पडत नाहीं. सेवेंत उणीव होती हें सिद्ध करण्याचा भार प्रथम तक्रारदारावर असतो, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालींहि पुन्हां स्पष्ट केलें आहे. आणि मोटारीच्या बाबतींत पुरावा फार लवकर नाहींसा होतो. दुसरा कारागीर दुरुस्ती करतो म्हणजेच पुरावा पुसतो. म्हणून गाडी उघडल्यावर, पण कोणताहि भाग हलविण्यापूर्वीं, छायाचित्रें घ्यावीं. किलोमीटरचा आंकडा त्यांत यावा. पहिल्या गॅरेजला त्याच वेळीं लेखी कळवावें व येऊन पाहण्याची संधि द्यावी. मीं हें शेवटचें केलें नाहीं. लग्नाच्या घाईंत मीं मिस्त्रीला ‘करून टाका’ म्हणालों आणि पुण्याला दूरध्वनि दुसऱ्या दिवशीं केला. मालकांची ही तक्रार मला मुकाट्यानें ऐकून घ्यावी लागली, कारण ती रास्त होती. काढलेला जुना भाग मागून घ्यावा. दुसऱ्या कारागिराकडून, काय आढळलें आणि तें किती जुनें असावें, हें दोन ओळींत लिहून घ्यावें; मात्र प्रतिस्पर्ध्याला नांवें ठेवणें हाहि कांहींच्या धंद्याचा भाग असतो, हें विसरूं नये. ‘हें कोणी केलें?’ असें कपाळाला हात लावून विचारणारा प्रत्येक मिस्त्री सत्यशोधक नसतो. खंडाळ्याच्या मिस्त्रीनें पुण्यावर एका शब्दानेंहि टीका केली नाहीं. ‘तुम्ही बघा’ म्हणून विजेरी माझ्या हातीं दिली, त्यामुळेंच त्याच्या दोन ओळींना वजन आलें.

मीं दोन पत्रें पाठविलीं. पहिल्यांत साऱ्या २६,४०० रुपयांची मागणी होती आणि विशेषणेंहि बरींच होतीं. त्याला उत्तर आलें नाहीं. दुसरें पत्र पत्नीच्या सांगण्यावरून मीं कोरडें लिहिलें: कार्डावरची नोंद, तारखा, दोन भेटींमधले किलोमीटर, छायाचित्रें आणि मिस्त्रीचा लेख. चौथ्या दिवशीं मालकांचें बोलावणें आलें. पंप टेबलावर ठेवून आम्ही तासभर बोललों. ज्या पोरानें पट्टा बदलला होता त्यालाहि त्यांनीं बोलाविलें. तो मान खालीं घालून उभा होता. त्या दिवशीं त्याच्या हाताखालीं तीन गाड्या होत्या, असें तो म्हणाला. पट्ट्याच्या कामाची पुन्हां पडलेली मजुरी आणि गाडी ओढून नेण्याचा खर्च मिळून साडेसहा हजार रुपये देण्याची मालकांनीं तयारी दाखविली. पंपाची किंमत माझी, कारण तो कधींतरी बदलावा लागणारच होता. हेडचा खर्चहि माझा, कारण शिरवळचा कांटा माझा. मीं तें पत्करलें आणि तसें लिहून दिलें.

माझ्या पत्नीला हा निवाडा अजून मान्य नाहीं. तिचें म्हणणें असें कीं कांटा पाहूनहि मी थांबलों नाहीं तो ‘निर्धास्त राहा’ या त्यांच्याच शब्दांवर विसंबून. तेव्हां हेडच्या खर्चाचाहि कांहीं वांटा त्यांच्याकडे जावयास हवा होता. हा मुद्दा मला बैठकींत सुचला नाहीं. गाडी मीं त्याच गॅरेजमध्यें चालू ठेवली आहे. जॉब कार्ड मात्र आतां ती वाचते, आणि सही मी करतों.